पाण्यातल्या मठ-मंदिरांना भाविक-पर्यटक कसे न्यावेत

हिडकल धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरू लागलं की हुक्केरी तालुक्यातल्या हुन्नूरचं विठ्ठल मंदिर वर येऊ लागतं. आधी शिखर दिसतं, मग मंडप, आणि पाणी आणखी हटलं की उंबऱ्यापर्यंत जाता येतं. मोबाइलवर फोटो फिरले की बेळगाव, निपाणी, गडहिंग्लजकडून गाड्या सुरू होतात. खानापूर तालुक्यातला हब्बनहट्टीचा मारुती पावसाळ्यात मलप्रभेच्या पाण्याखाली जातो. कूडलसंगमला बसवण्णांचा ऐक्यमंटप, म्हणजे समाधीस्थान, धरणाच्या फुगवट्यात आहे, भोवती गोल भिंत बांधून राखलेला. आणि कृष्णेतल्या बेटावरच्या कुरवपूरला, श्रीपाद श्रीवल्लभांच्या स्थानी, सीमाभागातले दत्तभक्त रायचूरपर्यंत प्रवास करून मग होडीत बसतात.

पाण्याने वेढलेल्या देवस्थानाची समिती, तिथली ग्रामपंचायत आणि काठावरच्या गावातली तरुण मंडळं यांना उपयोगी पडेल अशी ही माहिती आहे. अशा जागेवर पोट भरू शकेल अशी बरीच घरं काठावर असतात. पण पहिल्याच मोसमात एखादी होडी उलटली तर पुढची कित्येक वर्षं प्रशासन ती जागा बंद ठेवतं. म्हणून सुरुवात तिकिटाच्या दरापासून न करता पाण्यापासून करा.

आधी पाण्याचं वेळापत्रक

धरणांची पातळी बेळगावच्या वर्तमानपत्रांत रोज फुटांत छापून येते. हिडकल भरलं म्हणजे २१७५ फूट, मलप्रभेवरचं नविलतीर्थ भरलं म्हणजे २०७९.५० फूट. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात, पण आपल्या देवळाचा उंबरा नेमक्या किती फुटांवर उघडा पडतो हे फार थोड्या समित्यांनी लिहून ठेवलेलं असतं. ते काम पहिलं.

घाटाजवळ, देवळाच्या दगडापासून लांब, एक लोखंडी पाइप रोवा आणि त्यावर अर्ध्या अर्ध्या फुटाच्या खुणा करा. जुन्या दगडावर रंगाने खुणा करू नका, तो डाग पुढे निघत नाही. एका वहीत रोजची छापील पातळी, पाइपवरची खूण आणि देवळाची स्थिती लिहा. चार पातळ्या पक्क्या कळल्या पाहिजेत: मंडपाचं छत दिसतं ती, उंबरा उघडा पडतो ती, होडीचा तळ गाळाला टेकायला लागतो ती, आणि पायवाट कोरडी होते ती. एक मोसम ही वही नीट ठेवली तर पुढच्या वर्षी आठवडाभर आधी सांगता येतं की होडी कधीपासून आणि चालत कधीपासून.

तिसऱ्या आणि चौथ्या पातळीमधले दिवस सगळ्यांत फसवे. होडी चालत नाही आणि जमीन दिसते, म्हणून लोक सरळ चालायला लागतात. वरचा गाळ उन्हाने तडकून कोरडा दिसतो, खाली मात्र गुडघ्याच्या वर रेंदा असतो. पोरं त्यात अडकतात, गाड्या चाकापर्यंत रुततात. एक माणूस लांब बांबू घेऊन पुढे चालवा. बांबू जोर न लावता वीतभरापेक्षा जास्त आत गेला तर ती वाट नव्हे. पक्की वाट सापडली की दोन्ही बाजूंना बांबू रोवून दोरी बांधा, दोरीच्या बाहेर कुणालाही सोडू नका, आणि गाड्या काठावरच थांबवा. वाट सापडतच नसेल तर ते दिवस दर्शन बंद.

नदीतल्या बेटांचं गणित वेगळं. तिथे धरणाच्या दारांवर सगळं अवलंबून असतं. चिक्कोडी भागात कृष्णा, वेदगंगा, दूधगंगा वाढल्या की कल्लोळ-यडूर, भोजवाडी-कुन्नूरसारखे बंधारे पाण्याखाली जातात, हे काठावरचं पोरही सांगेल. कोयना किंवा राधानगरीतून विसर्ग वाढल्याची बातमी आली की वरच्या गावांतल्या ओळखीच्या माणसाला फोन करून पाणी कुठवर आलं ते विचारा. आपल्या घाटावर पाणी शांत दिसत असलं तरी वरून येणारं पाणी वाटेत असतं. जूनपासून पूर ओसरेपर्यंत नदीतली होडी पर्यटकांसाठी बंदच असावी.

बेटावर एका वेळी किती माणसं?

सगळ्या व्यवस्थेचा कणा हाच. बहुतेक ठिकाणी मंडपात किती माणसं मावतात यावर आकडा ठरवतात. तो चुकीचा आहे. आकडा होड्यांवर ठरवायचा: बेटावर एका वेळी तितकीच माणसं, जितकी तिथे थांबलेल्या होड्या एका खेपेत परत आणू शकतील.

समजा नावाडी सोडून १२ माणसं बसतील अशा दोन होड्या आहेत. मंडप मोठा आहे, ६० माणसं सहज उभी राहतात. म्हणून खेपांवर खेपा करून ६० माणसं नेली आणि वारा सुटला, तर पहिल्या खेपेत २४ परत येतात. उरलेली ३६ भर वादळात बेटावर राहतात, आणि त्यांना आणायला होड्यांना त्याच वाऱ्यात पुन्हा जावं लागतं. अपघात होतात ते या दुसऱ्या खेपेत, कारण माणसं घाबरलेली असतात आणि पहिल्या होडीत बसायला सगळेच धावतात. म्हणून संख्या २४, आणि बेटावर एकही माणूस असेपर्यंत एकही होडी तिथून हलवायची नाही. तिसरी होडी काठावर रिकामी, नावाड्यासकट, केवळ मदतीसाठी. तिच्यात तिकिटाची माणसं कधीच नाहीत.

एका तुकडीचा वेळ असा बसतो: चढायला ५ मिनिटं, जायला १०, दर्शन आणि प्रदक्षिणेला २५, परत बसायला ५, यायला १०, उतरायला ५. म्हणजे तुकडीला एक तास. सकाळी साडेसहाला सुरुवात केली तर साडेअकरापर्यंत पाच तुकड्या, १२० माणसं. दुपारनंतर चालवू नका. हिडकलचं देऊळ उघडं पडतं ते नेमकं वळवाच्या दिवसांत. सकाळी आरशासारखं असलेलं पाणी चारच्या सुमाराला दहा मिनिटांत उसळतं, आणि उघड्या जलाशयात वीज पडली तर आडोसा कुठेच नसतो.

१२० हा आकडा समितीला फार कमी वाटेल. आयर्लंडच्या किनाऱ्याबाहेर समुद्रात स्केलिग मायकल नावाचं खडकाळ बेट आहे, त्यावर ख्रिस्ती साधूंचा प्राचीन मठ. १९९६ पासून ते जागतिक वारसा स्थळ आहे. जगभरातून मागणी असूनही तिथे १५ होड्यांना परवाना आहे, प्रत्येकीत १२ माणसं, म्हणजे दिवसाला १८०. मोसम मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर. समुद्र खवळलेला असला की खेप रद्द, कितीही लांबून आलेला असो. वर चढायला ६१८ दगडी पायऱ्या, कठडा जवळजवळ नाहीच. २००९ मध्ये तिथे दोन वेगवेगळ्या घटनांत दोन पर्यटक पडून दगावले. मर्यादा घातल्याने त्या जागेचं नाव कमी झालं नाही. उलट लोक कित्येक महिने आधी जागा राखून ठेवतात.

चैत्री एकादशीला किंवा सलग सुट्ट्यांना आकडा वाढवायचा मोह होतो. वाढवू नका. त्याऐवजी काठावर मंडप घालून पादुका ठेवा, आरती करा, भजनी मंडळाला बोलवा, म्हणजे टोकन न मिळालेला माणूसही दर्शन घेऊन जाईल. नृसिंहवाडीला पूर आला की उत्सवमूर्ती वर हलवून दर्शन चालू ठेवतात, भाविकांना त्यात काही कमी वाटत नाही. आपल्या भागात ही समज मुरलेली आहे, तिचा उपयोग करा.

होडी, जॅकेट आणि बसायची रीत

टोपलीसारखी गोल होडी पर्यटकांसाठी नको. ती चार-पाच माणसांपुरती, सवयीच्या नावाड्याच्या हातात ठीक असते, पण एकाने बाजूला वाकून फोटो काढला की कलते. पुराच्या वेळी वापरतात ती गुऱ्हाळाची काहिल तर नाहीच नाही. रुंद तळाची फायबरची किंवा लाकडी होडी घ्या. ठरलेली माणसं बसल्यावर होडीचा काठ पाण्यापासून किमान एक फूट वर राहिला पाहिजे. ती रेषा बाहेरून पांढऱ्या रंगाने ठळक आखा. रेषा पाण्यात गेली की माणसं उतरवायची, यावर चर्चा नाही. बेरीज माणसांची करू नका, वजनाची करा. नैवेद्याच्या पिशव्या, पाण्याचे कॅन, कधी कधी चक्क दुचाकी होडीत घालतात. दुचाकी आणि माणसं एकत्र कधीच नाहीत.

लाइफ जॅकेट प्रत्येकाला, नावाड्यालाही. २४ माणसांसाठी मोठी ३०, लहान मुलांची १० ठेवा. मुलाला मोठ्याचं जॅकेट घातलं तर पाण्यात पडल्यावर ते डोक्यावरून निघून जातं. घातल्यावर खांद्याकडून वर ओढून पाहा, हनुवटीच्या वर सरकलं तर पट्टे सैल आहेत. साडीचा पदर आधी कमरेला खोचायचा, मग जॅकेट. वरून पदर घेतला तर तो पट्ट्यात आणि वल्ह्यात अडकतो. वर्षातून एकदा प्रत्येक मोठ्या जॅकेटची परीक्षा घ्या: पाच किलोची लोखंडी वजनं बांधून रात्रभर पाण्यात सोडा. सकाळी बुडालेलं दिसलं तर आतला फोम पाणी प्यायलेला आहे, ते जाळून टाका. कपाटात परत ठेवलं तर गर्दीच्या दिवशी कुणीतरी तेच बाहेर काढतं.

होडी उलटते ती बहुधा भर पाण्यात नाही, घाटाला लागताना. काठ दोन हातांवर आला की पुढचे सगळे एकदम उठतात, वजन एका बाजूला जातं. म्हणून बसवताना मधल्या फळीपासून सुरुवात करा, दोन्ही बाजू सारख्या भरा. होडी दोरीने दोन ठिकाणी बांधेपर्यंत कुणी उठायचं नाही. मग एक डावीकडचा, एक उजवीकडचा, असं उतरवा. हे निघण्याआधी मराठीत आणि कन्नडमध्ये मोठ्याने सांगा. प्रत्येक होडीत १५ मीटर दोरी, एक ट्यूब, जादा वल्हं, पाणी उपसायला डबा, शिट्टी आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात फोन. काठावर ११२ आणि १०८ हे दोन क्रमांक, आणि जवळचं आरोग्य केंद्र कुठे आहे ते ठळक लिहिलेलं.

थांबवायचा अधिकार नावाड्याचा. पाण्यावर पांढरा फेस दिसू लागला की थांब. ढगांचा गडगडाट ऐकू आला की थांब, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत निघायचं नाही. हा ठराव समितीच्या वहीत लेखी हवा, कारण पुढारी किंवा मोठा देणगीदार काठावर उभा राहिला की नावाड्यावर दबाव येतो.

याच्याशीच जोडलेली एक गोष्ट समित्या सतत चुकतात. नावाड्याला माणसामागे किंवा खेपेमागे पैसे देऊ नका. तसे दिले तर वाऱ्यातसुद्धा तो होडी काढेल, कारण न काढल्यास त्याच्या घरात चूल पेटणार नाही. दिवसाचा ठरलेला पगार द्या, होड्या बंद राहिल्या त्या दिवशीही. आणि खेप रद्द झाली तर प्रवाशाला तिकिटाचे पूर्ण पैसे परत. या दोन गोष्टी केल्या की थांबवण्याचा निर्णय सोपा होतो.

दगडाला काय सोसतं

दरवर्षी बुडून वर येणारं देऊळ आतून झिजत असतं. पाणी दगडाच्या सांध्यांतला चुना धुऊन नेतं, वाळताना क्षार पृष्ठभागावर येतात आणि पापुद्रे सुटतात. हे पाहून उत्साही मंडळं सिमेंट भरतात आणि ऑइलपेंट मारतात. त्याने नुकसान वाढतं: सिमेंटमागे पाणी अडकतं आणि शेजारचा दगडच फुटतो. शेवाळ तारेच्या ब्रशने किंवा ॲसिडने काढू नका. वाळू द्या, मग लाकडी पट्टी आणि नारळाच्या काथ्याचा मऊ ब्रश. सांधे भरायचे तर चुन्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, मिसळा. नुसता चुना हवेवर सावकाश घट्ट होतो, त्याच्याआधी पाणी चढलं तर वाहून जातो. सुरखीचा चुना ओलाव्यातही धरतो. भरल्यावर ओलं गोणपाट टाकून किमान तीन-चार आठवडे मिळतील असं काम मोसमाच्या सुरुवातीलाच घ्या.

जागा पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेली असेल तर यातलं काहीही स्वतः करायचं नाही. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद असतं, त्यापुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. जेटी, शौचालय, स्टॉल यांची जागा ठरवताना हे अंतर आधी मोजा.

नारळ फोडणं, तेल, कापूर, कुंकू हे सगळं काठावरच्या मंडपात. ओल्या दगडावर तेल सांडलं की पाय घसरतो, आणि ते दगडात मुरतं. बेटावर खाण्याचे पदार्थ आणि प्लॅस्टिक न्यायचं नाही. शौचालय काठावर, आणि होडीत बसण्याआधी प्रत्येकाला त्याची आठवण.

मठाचं मठपण

देवस्थानात पूजा चालते, कुणी साधक राहतात, तर त्यांचा दिनक्रम आधी लिहून घ्या आणि तुकड्यांच्या वेळा त्याभोवती बसवा. इथिओपियात टाना सरोवराच्या बेटांवर जुने ख्रिस्ती मठ आहेत, बाहिर दार शहरातून होड्या जातात. तिथल्या केब्रान गॅब्रिएल मठात स्त्रियांना प्रवेश नाही. हे ज्याला काठावर कळत नाही तो होडीचं भाडं भरून तिथे पोचतो आणि अर्ध्या कुटुंबाला दाराबाहेर थांबावं लागतं. आपल्याकडे गाभाऱ्यातलं सोवळं, चामड्याच्या वस्तू, फोटो याबद्दल जे नियम असतील ते तिकीट काढण्याआधी वाचता येतील असे लावा. टानाच्या मठांतून आणखी शिकण्यासारखं म्हणजे जुनी हस्तलिखितं आणि भिंतींवरची चित्रं. हात आणि फ्लॅश यांनी अशी ठेव लवकर खराब होते. तुमच्याकडे जुन्या पोथ्या, ताम्रपट असतील तर त्यांचे मोठे फोटो काठावर मांडा, मूळ वस्तू पेटीतच राहू द्या. २०११ पासून टाना सरोवरात जलपर्णी पसरली आणि होड्यांच्या वाटाही अडल्या. पंचगंगेवर जलपर्णी पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. पहिलं रोपटं दिसताच मुळासकट काढून काठापासून दूर वाळवायचं.

फलकावर कन्नड वर आणि ठळक, त्याखाली मराठी, सोबत चित्रं. कर्नाटकात व्यापारी फलकांचा ६० टक्के भाग कन्नडचा लागतो, तेच प्रमाण इथेही ठेवलं तर वाद उद्भवत नाही. आणि कोल्हापूर-सांगलीहून येणाऱ्या भाविकाला सूचना कळते.

कागदपत्रं आणि पैसे

हिडकल आणि नविलतीर्थ हे जलाशय कर्नाटक नीरावरी निगम या राज्याच्या पाटबंधारे महामंडळाकडे आहेत, पाण्यात होडी घालायला त्यांची लेखी संमती हवी. इंजिनाची होडी असेल तर २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याखाली तपासणी आणि नोंदणी. वल्ह्याच्या होडीसाठी पंचायतीचा ठराव करून पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, यांच्यामार्फत नोंद ठेवा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची होडी सुरक्षेवरची २०१७ ची मार्गदर्शक सूत्रं आहेत, त्यांची प्रत अर्जाला जोडली तर तहसीलदार कचेरीत काम लवकर पुढे सरकतं. देऊळ मुजराई खात्याकडे, म्हणजे कर्नाटकच्या देवस्थान खात्याकडे, असेल तर त्यांची परवानगी वेगळी. प्रवाशांचा गट अपघात विमा काढल्याशिवाय पहिली होडी सोडू नका.

पैशाचा अंदाज असा मांडता येतो. १०० रुपये तिकीट धरलं तर १२० माणसांचे १२,००० रुपये. दोन होड्यांवर चार नावाडी, प्रत्येकी ८०० प्रमाणे ३,२००. घाटावर तीन मदतनीस, १,५००. इंधन आणि डागडुजी १,५००. मदतीच्या होडीचा नावाडी ८००. विमा आणि जॅकेटसाठी बाजूला १,०००, देवळाच्या दुरुस्तीसाठी १,५००. उरतात २,५००, तेही सगळी टोकनं गेली तर. वळवाच्या बंद दिवसांचे पगार यातूनच निघायचे आहेत. म्हणजे होडीवर कुणी श्रीमंत होणार नाही. गावाची खरी कमाई काठावर आहे: बचत गटाची जोंधळ्याची भाकरी, झुणका, ठेचा, ताक, गाड्यांचं पार्किंग, मुक्कामाच्या दोन-चार खोल्या. टोकनची वाट पाहणारा माणूस तास-दोन तास काठावर असतो, त्याला सावली आणि जेवण द्या.

सहलीची जोडणी करताना ऋतू जुळतो का पाहा. हिडकलच्या देवळासोबत गोकाकचा धबधबा दाखवू असं जाहिरातीत लिहितात, पण देऊळ उघडं असतं तेव्हा धबधबा जवळपास कोरडा असतो आणि माणसं नाराज होऊन परततात. उन्हाळ्यात हिडकलला हलशीची कदंबकालीन मंदिरं किंवा बेळगाव किल्ल्यातली १२०४ सालची कमल बस्ती हे जैन मंदिर जोडा. कूडलसंगमला होडीची गरज नाही, वयस्क मंडळींना तिकडे न्या.

मृगाच्या आधी मोसम बंद करा, पाणी चढायची वाट पाहू नका. होड्या ओढून उताण्याऐवजी पालथ्या ठेवा, जॅकेटं सावलीत वाळवून उंदरांपासून वर टांगा, बांबू आणि दोऱ्या काढून घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी त्या वल्ह्यांत अडकतात. पातळीची वही पंचायतीत जमा करा. नव्या मोसमाच्या परवानगीचे अर्ज दिवाळी झाली की लगेच टाका, फेब्रुवारीत टाकलेल्या अर्जाचं उत्तर बहुधा देऊळ पुन्हा बुडाल्यावर येतं.